मोटारसायकल शयनगृहात नेली त्याची हकीकत

रविवारी सकाळी साडेआठाचे सुमारास मोटारसायकलची डबी घरात सापडत नाही, हे उघडकीस आले. त्या दिवशीचा मजकूर लिहून पाठवावा, ऐसे फर्मान परमुलुखी नोकरीस असलेल्या कन्यासाहेबांचे फोनवरून आले. फर्मानाचे शब्द येणेप्रमाणे, की बाबा, तुम्ही मोटारसायकल घरात घेतलीत? डोकं ठिकाणावर आहे ना? सगळं लिहून पाठवा, फोनवर तुम्ही निम्मं गिळता. हुकूम शिरसावंद्य. लिहिणारास सजवून लिहिणे येत नाही. पाण्याच्या पंपावर चोवीस वर्षे रोजची नोंदवही लिहिली, तेवढाच सराव. जे जाहले ते क्रमाने लिहितो. अधिकउणे पदरात घ्यावे.

मोटारसायकल बिनकिल्लीची, हे साहेबांस ठाऊकच आहे. काळी डबी गाडीपासून चार हातांच्या आत असावी, म्हणजे गाडी धन्यास ओळखते आणि निळा दिवा लावते आणि मग बटण दाबताच चालू होते. डबी दूर असली तर धन्याने हात जोडले तरी गाडी ढिम्म. डब्या दोन होत्या. पैकी पहिली, आम्ही टाकीत वाकून पाण्याची पातळी पाहत असता, सदऱ्याच्या खिशातून निसटली आणि पाण्यात पडून कामास आली. तेव्हा तुमच्या मातोश्रींनी हुकूम केला की उरलेली डबी यापुढे यांच्या ताब्यात नाही. मग रोज पहाटे त्या आमच्या जेवणाच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात डबी घालीत आणि संध्याकाळी काढून घेत आणि रात्री ती कोठे ठेवीत, हे आम्ही तीन वर्षांत एकदाही पुसले नाही. पिशवी उचलली की गाडी चालू होते, इतकीच आमची विद्या.

दोन महिन्यांपूर्वी मातोश्री गेल्या. इस्पितळात ॲम्ब्युलन्सने नेले होते, सबब डबी जेथे होती तेथेच राहिली. आम्ही रजेवर बसलो आणि गाडी कापडाखाली बसली.

रजा रविवारी संपत होती. सोमवारी पहाटे पाचास पंपावर हजर होऊन व्हॉल्व्ह न फिरविला, तर अर्ध्या गावाचे नळ कोरडे. पंप अकरा किलोमीटर लांब. त्या वेळेस बस नाही आणि रिक्षावाले पाचाचे नाव काढताच फोन ठेवतात. शोरूम रविवारी बंद. उघडे असते तरी नव्या डबीस आठ दिवस.

मग शोध मांडिला. पिशवी उलटी केली, फडताळे झाडिली, गाद्यांखाली हात घातिले. घरात हात न लावलेली जागा एकच राहिली, ती म्हणजे शयनगृहातील मातोश्रींचे लाकडी कपाट. त्याचे दार त्यांनी स्वहस्ते लावले, त्यानंतर कोणी उघडले नव्हते, आणि उघडू नये ऐसा आमचा सक्त बंदोबस्त होता. आत त्यांनी जे जसे ठेवले ते तसेच असावे, इतकेच कारण. कोणी कपाटाकडे नुसते पाहिले तरी आम्ही विषय बदलीत असू.

दहा वाजता दिवाणखान्यात मसलत बसली. गॅरेजवाले मेस्त्री आले. त्यांचे स्वतःचे वाहन सहा महिने त्यांच्याच गॅरेजात दुरुस्तीस पडून असल्याने ते चालत आले. वरच्या मजल्यावरील निवृत्त हेडमास्तर वही घेऊन उतरले. आमच्या सासूबाई, म्हणजे साहेबांच्या आजी, खुर्चीत होत्याच.

हेडमास्तरांनी बिनकिल्लीची बाजू घेतली. दोन्ही हातांत पिशव्या असल्या तरी खिसे चाचपावे लागत नाहीत, अंधारात किल्लीचे भोक शोधावे लागत नाही, किल्ली गाडीलाच विसरण्याची सोय नाही, आणि वायर जोडून चोर गाडी पळवील हेही सोपे नाही, ऐसे त्यांचे म्हणणे पडले.

यावर मेस्त्री म्हणाले की गुरुजी, चोराला पळवता येत नाही हे कबूल, पण मालकाला तरी कुठं पळवता येतेय? साधी किल्ली असती तर मी एव्हाना खिळ्यानं चालू करून दिली असती.

हेडमास्तरांनी हे वाक्य किल्लीविरुद्धचा पुरावा म्हणून वहीत उतरविले. तेव्हा मेस्त्री तापले आणि सांगते जाहले की सेल संपला की डबी म्हणजे दगड. आणि एका गिऱ्हाइकानं बायकोला दुकानापाशी सोडलं, डबी तिच्या पर्समध्ये, हा चालू गाडीवर तसाच पुढं निघून गेला. पंक्चर बघायला म्हणून गाडी बंद केली, ती तीन तास बंद. बायको अजून त्याला बिनकिल्लीचा म्हणते.

सासूबाईंनी निवाडा दिला की तुमच्या वादानं गाडी चालू होणार असेल तर चालू द्या, नाही तर चहा निवतोय.

चहा संपताच मेस्त्रींस युक्ती सुचली. डबी आपल्याला सापडत नाही, पण गाडीला सापडते. तर गाडीच घरात फिरवावी आणि जेथे निळा दिवा लागेल तेथे खणावे. हेडमास्तर म्हणाले की शास्त्राला धरून आहे. आम्ही ताबडतोब मंजुरी दिली. कारण यात कपाट उघडणे येत नव्हते आणि डबी दुसरीकडेच निघेल ऐसी आमची उमेद होती.

मग तीन पायऱ्यांवर फळी टाकिली आणि मेस्त्री हँडलास, आम्ही पिछाडीस, हेडमास्तर वहीसह बाजूस, ऐसी फौज चालून गेली. उंबऱ्यापाशी पायपुसणे चाकात गुरफटून फाटले. दिवाणखाना सर केला, बटण दाबले, दिवा नाही. हेडमास्तरांनी लिहिले, नाही. मग स्वैपाकघरावर मोर्चा नेला. तेथे डावा आरसा साखरेच्या बरणीस लागला आणि आरसा व बरणी दोघेही पडले आणि साखर चाकाखाली करकरू लागली. दिवा नाही. मोरीच्या दारापर्यंत गेलो. दिवा नाही. पलीकडच्या खोलीत गाडी वळविताना मेस्त्रींचा अंगठा चौकटीत सापडला आणि त्यांनी जे उद्गार काढिले ते हेडमास्तरांनी लिहिले नाहीत. तेथेही दिवा नाही.

आता शयनगृहच राहिले. आम्ही हुकूम दिला की फौज मागे फिरवावी, उद्या आम्ही पहाटे दोनाला उठून चालत जाऊ.

तेव्हा सासूबाई खुर्चीतून उठल्या. त्या म्हणाल्या की जावईबापू, तुमची ती सत्तावीस वर्षं बायको होती. माझी त्याच्या आधीपासून लेक आहे. अकरा किलोमीटर चालून गुडघे मोडून घेतलेत तर ती मलाच बोलेल. आत घ्या गाडी.

यापुढे आमचे काही चालले नाही. पलंग आणि कपाट यांच्यामधल्या बोळात गाडी घातिली. मेस्त्रींनी बटण दाबले. निळा दिवा लागला.

कोणी जयजयकार केला नाही. मेस्त्री अंगठा पाहू लागले आणि हेडमास्तर वहीची पाने मागे उलटू लागले. दार आम्हीच उघडले. तिसऱ्या खणात, कपड्यांच्या घड्यांच्या मागे, आमचा एक लोकरी मोजा होता. तो हरवला म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही मोठी बोंब मारली होती. डबीला धक्का लागू नये म्हणून ती त्या मोज्यात घालून ठेविली होती.

मेस्त्रींस राहवले नाही. त्यांनी गाडी तेथेच चालू केली. खोलीत ऐसा गडगडाट जाहला की वरच्या मजल्यावर हेडमास्तरीणबाईंनी भूकंप समजून पंखे बंद केले. सासूबाई धुरात खोकत ओरडल्या की मेल्या, बाहेर तरी ने आधी!

परंतु बाहेर येईना. हँडल पलंगात आणि पायदान कपाटात, ऐसी गाडी अडकली. पलंग भिंतीस भिडलेला. कपाट तिघांनी रेटले, भरलेले असल्याने तसूभर हलले नाही. तेव्हा ते रिकामे करणे भाग पडले. जो बंदोबस्त दोन महिने टिकला तो आम्हीच मोडिला. सासूबाईंनी एकेक घडी काढून आमच्या हाती दिली आणि आम्ही ती पलंगावर ठेविली. मेस्त्री मदतीस पुढे आले, त्यांस सासूबाईंनी सांगितले की तुमचे हात ऑइलचे आहेत, लांब उभे राहा. ते लांब उभे राहिले. मग कपाट चार बोटे सरकले आणि सायंकाळी सव्वापाचास गाडी फळीवरून खाली उतरली.

सोमवारी पहाटे पाचास व्हॉल्व्ह फिरविला आणि गावास वेळेवर पाणी सुटले. सबब डबी हस्तगत होऊन मोहीम फत्ते जाहली, ऐसी नोंद करितो. किल्ली बरी की बिनकिल्ली, याचा निकाल मात्र लागला नाही. हेडमास्तर व मेस्त्री रस्त्यात भेटले की अजून भांडतात.

पलंगावरचे कपडे अद्याप तेथेच आहेत. परत कपाटात लावायचे की कोणास द्यायचे, हे ठरलेले नाही. आम्ही दिवाणखान्यात निजतो. तुम्ही रजा काढून आलात तर बरे होईल.