डाव्या चाकाच्या स्क्रूचा निरोप समारंभ

माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकामागे ब्रेकची डिस्क धरून बसलेला स्क्रू म्हणाला, की रीतसर निरोप समारंभ झाल्याशिवाय मी जागा सोडणार नाही.

गॅरेजवाल्या इलाही मिस्त्रींना याचं नवल वाटलं नाही. उजव्या चाकाचा स्क्रू मघाशी एका भाषणावरच निघाला होता. तरी डाव्यासाठी त्यांनी गंज सोडवणारं तेल मारून पाहिलं, इम्पॅक्ट ड्रायव्हर लावून वर हातोड्याचे घाव घातले. स्क्रूच्या डोक्यावरची फुली झिजून वाटोळी झाली. आता ड्रिल मारून डोकं उडवायचं तेवढं राहिलं होतं.

"मी काय चोरी करून पळतोय व्हय?" स्क्रू म्हणाला.

मिस्त्रींनी ड्रिल खाली ठेवलं.

घाई आम्हाला होती. माझी थोरली बहीण, आक्का, मागे टायरवर पिशवी धरून बसली होती. रत्नागिरीला तिच्या लेकीचे दिवस भरले होते आणि अंधार पडायच्या आत आंबा घाट उतरायचा होता. आक्काला एस.टी. लागते, उलट्या होतात. आणि झिजलेल्या जुन्या डिस्कवर आम्हाला घाटात सोडायला मिस्त्री तयार नव्हते.

शेजारच्या लेथवाल्या शिंत्रेंना पुन्हा अध्यक्ष केलं, कारण इस्त्रीचा शर्ट तेवढा त्यांच्याच अंगात होता. शिंत्रे आपण कोल्हापुरात कसे आलो, पहिलं लेथ कसं घेतलं, यावर सविस्तर बोलले आणि शेवटी म्हणाले, "सत्कारमूर्ती अत्यंत मनमिळाऊ आणि कर्तव्यदक्ष होते."

स्क्रू अर्धा आटा आणखी आत गेला.

"मघाशी उजव्यालाबी हेच म्हणालात," तो म्हणाला. "तो भोळा, निघाला."

मग मी उठलो. "तुमच्याच बळावर आजवर आमचा ब्रेक लागला," असं म्हणालो.

"खोटं."

मिस्त्रींनी मान खाजवली. "त्याचं बरोबर हाय सायेब. चाकाचे बोल्ट आवळले की डिस्क तेच धरत्यात. ह्याला मग काय काम नसतंय."

असं समारंभात बोलत नाहीत. शिंत्रेंनी वर पत्र्याकडे पाहिलं.

आक्का गुडघ्यावर हात टेकून उठली आणि चाकापाशी आली.

"काम नव्हतं, मग इतकी वर्षं काय केलंस रं बाबा?"

"बसून होतो," स्क्रू म्हणाला. "चाक काढलं तर डिस्क पडू नये म्हणून. पण चाक कोण रोज काढतंय."

"घाटात चटके बसत असतील."

"बसायचे."

"तरी उठला नाहीस."

"नाही."

आक्का म्हणाली, "बाळंतिणीच्या खोलीबाहेर असंच एक माणूस लागतंय. त्याला करायला काय नसतंय. पण ते उठून गेलं की आत कळतंय. माझंबी जाणं तेवढ्यासाठीच हाय. तू बसलास, लई उपकार झाले बघ."

तिनं पिशवीतलं बाळाचं नवं दुपटं काढून शालीसारखं त्याच्या अंगावर घातलं आणि लेकीच्या ओटीचा नारळ पुढे ठेवला. शिंत्रेंनी आपण होऊन लेथ बंद करवलं. टाळ्या झाल्या. मिस्त्रींनी नुसतं बोट लावलं आणि स्क्रू शांतपणे फिरत बाहेर आला.

नव्या स्क्रूनं सगळं ऐकलं होतं. तो सरळ आत जाऊन बसला.

घाटात वळणावर गवा आडवा आला. ब्रेक लागला, आणि गवा आपल्या चालीनं रस्ता ओलांडून गेला. आम्ही पोहोचल्यावर आक्का खोलीबाहेर जाऊन बसली. मुलगी झाली. दोघी सुखरूप. दुपट्याला तेलाचा थोडा वास होता, पण मुलीची तक्रार नव्हती.

बारशाला जुना स्क्रू पहिल्या रांगेत होता. दोन शब्द बोलावेत असा मी त्याला आग्रह केला.

"बोलणं नको," तो म्हणाला. "कुठं बसू तेवढं सांगा."

आक्कानं पाळण्याशेजारची जागा दाखवली. तो तिथे बसला. अजून उठलेला नाही.