विषय: एलेनाबाईंचे नाव ठरावात घेणेबाबत

आमच्या अर्विंग शहरातल्या अपार्टमेंटमधलं कपडे धुवायचं मशीन बंद पडलं, की लोक मॅनेजरला फोन करतात. खानझोडे काका थेट मशीनवरच अर्ज चिकटवतात. ‘विषय: मशीन क्रमांक तीनच्या असहकाराबाबत.’ इंग्रजीत, खाली सहीसकट. नागपूरला महापालिकेत कारकुनी केलेला माणूस. रिटायर होऊन लेकाकडे आला, पण कारकुनी काही सुटली नाही. नातीच्या बर्थडे कार्डावरसुद्धा ‘विषय’ असतो. वर ऐकवतात, "कागदावर आलं नाही, म्हणजे झालंच नाही बापा!"

त्याच लाँड्रीत त्यांना एलेना भेटल्या. मेक्सिकोहून आलेल्या, सत्तरीच्या. कपडे वाळेपर्यंत नव्यानं आलेल्या बायकांना इंग्रजी बोलायला शिकवायच्या, कित्येक वर्षं, फुकट. काकांचं इंग्रजी कागदावर पक्कं, तोंडात कच्चं. तेही टॉवेलच्या घड्या घालायच्या निमित्तानं त्या घोळक्यात बसू लागले.

यंदा सिटी कौन्सिलनं लॅटिना, म्हणजे मूळच्या मेक्सिको वगैरेकडच्या, स्त्रियांच्या इतिहासाचा आणि कार्याचा गौरव करणारा ठराव आणला. मी त्यांची शेजारीण, मीच काकांना मसुदा वाचून दाखवला. शिक्षिका, कामगार, आया, सगळ्यांचं कौतुक होतं. काका भडकलेच.

"नाव कुठं आहे? एलेनाबाईंचं नाव नको? काय वाचून राहिली तू!"

"काका, चिल करा ना यार."

कसले चिल करतात! अर्ज गेला. मीटिंगमध्ये बोलायला तीन मिनिटं मिळाली. मला ऑफिसचा कॉल कॅन्सल करून त्यांना घेऊन जावं लागलं. एलेनाही मागे येऊन बसल्या.

माइकसमोर काकांनी "सब्जेक्ट" पासून सुरुवात केली. मग "रेफरन्स". त्यातच दोन मिनिटं गेली. हॉल हसायला लागला, मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात काकांनी कागद खाली ठेवला.

"शी टॉट मी टू टॉक," ते म्हणाले. "प्लीज, राइट हर नेम."

कौन्सिलनं तिथल्या तिथं दुरुस्ती केली. महापौरबाईंनी ठराव वाचला, त्यात एलेनांचं पूर्ण नाव होतं. एलेना तोंडाला रुमाल लावून रडत होत्या. आमचे काका मात्र प्रतीवरचा शिक्का नीट उमटलाय का ते बघत होते.

परतताना गाडीत मी विचारलं, "काका, एवढं का हो मनावर घेतलंत?"

त्यांनी ठरावाची प्रत मांडीवर घेतली.

"आमच्या हिनं वस्तीतल्या पोरांची बालवाडी चालवली, बेटा. मरेपर्यंत. एका वर्षी महापालिकेच्या सत्कारात तिचं नाव आलं. यादी टाइप करायला माझ्याच टेबलावर. मी खोडून टाकलं. लोक म्हणतील, बाबूनं बायकोचं नाव घुसवलं."

"काकूंना कळलं?"

"साहेबांच्या बायकोनं तिला आधीच सांगून ठेवलं होतं, तुमचं नाव आहे म्हणून. नवी साडी नेसून पुढच्या रांगेत बसली होती. सगळी नावं संपेपर्यंत."

"घरी आल्यावर काय म्हणाल्या?"

काका मांडीवरची ठरावाची प्रत सरळ करत राहिले.

"साडीची घडी घातली. म्हणाली, जेवायला वाढू का?"