गाडीचं पोट बघणारे चुरीभाऊ

कचेरीच्या आवारात साहेबांची नवी जीप येऊन उभी राहिली आणि थोड्याच वेळात तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले. ड्रायव्हरने बोंब मारली. आम्ही धावलो. पायांतल्या चपला माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या वसंत चुरींच्या होत्या. आम्ही ओढून काढणार तोच चुरीभाऊ स्वतः सरपटत बाहेर आले, पाठीवरची धूळ झटकली आणि निराश होऊन म्हणाले, "पोट सपाट नाही."

साहेब दारात उभे होते. त्यांनी नकळत आपल्या पोटावरून हात फिरवला.

या माणसाला सायकलसुद्धा येत नव्हती. पण शर्यतीच्या गाड्यांचे कायदे तोंडपाठ. डहाणूतल्या एका इराणी चिकू बागायतदाराचा भाऊ विलायतेत होता. त्याच्याकडून येणारी गाड्यांची मासिकं वाचून झाली की बागायतदार ती चुरीभाऊंना देऊन टाकायचा, आणि हे डिक्शनरी घेऊन बसायचे. कोण जिंकलं हे विचारलं तर म्हणायचे, "असेल कोणीतरी. यंदा नियम काय बदलला ते विचारा."

आम्ही विचारायचो, कारण उत्तर ऐकता ऐकता चहा थंड व्हायचा. म्हणे, गाडीचं पोट विमानाच्या उलट्या पंखासारखं केलं की हवा तिला रस्त्यावर खेचून धरते. वळणावर वेग इतका वाढला की नियम आला, गाडी जमिनीपासून अमुक इतकी वर पाहिजे. मग एकाने अशी गाडी काढली की मोजायला उभी केली की उंच, आणि धावायला लागली की खाली बसायची.

"म्हणजे आपल्यासारखीच," आमचा शिपाई म्हणाला. "साहेब आले की उभी."

शेवटी पोटच सपाट करा असा हुकूम निघाला. चुरीभाऊंना याचं दुःख नव्हतं. एक वाट बंद झाली की माणसं दुसरी काय शोधतात, यातच त्यांचा जीव. "नियम आला की डोकं चालतं," हे त्यांचं पालुपद. चौऱ्याण्णवला गाडी कॉम्प्युटरने सावरायची सोयच बंद झाली, तेव्हा तर त्यांनी खुशीत टेबलावर थाप मारली. आता खरी डोकी चालतील, म्हणाले.

मे महिन्यात पेपरात बातमी आली. एकाच शर्यतीत, लागोपाठच्या दोन दिवसांत, दोन ड्रायव्हर गेले होते. सोमवारी चुरीभाऊ कचेरीत आले ते चेहरा पार उतरलेला. डबा उघडला नाही. कुठल्या परदेशातल्या माणसांसाठी इतकं, म्हणून आम्ही चकित झालो.

पावसाळ्यात ते एकदा छत्री न मिटताच आत शिरले. "फळी!" म्हणाले. गाड्या फार खाली बसू नयेत म्हणून आता प्रत्येकीच्या पोटाखाली लाकडाची फळी लावायची, जास्त झिजली की गाडी बाद. मी थक्क झालो. कोट्यवधींची गाडी आणि खाली लाकूड! पण चुरीभाऊंना त्या दिवशी ऐकवायचं नव्हतं. त्यांना फळीच हवी होती.

खाडीवर होड्या बांधणाऱ्या सुताराकडून त्यांनी सागाची फळी घेतली. एक टोक मी धरलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांच्या घरात पाऊल टाकलं, आणि दारातच थबकलो.

आत वहिनी चाकाच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना चालता येत नाही हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. खुर्ची घरीच केलेली, सायकलची चाकं लावलेली. स्नायूंचा आजार आहे, वहिनींनी शांतपणे सांगितलं. आधी पाय गेले. मग वर सरकून बसता येईना, तेव्हा बैठक खाली आली. डावा हात गेला, ब्रेक उजवीकडे आला. "डॉक्टरांनी आता अमुक जमणार नाही म्हटलं, की हे पाने-पकडी घेऊन बसतात."

मे महिन्यात, त्या सोमवारच्या आदल्याच दिवशी, ओटीच्या उतारावर खुर्ची मागच्या मागे उलटली होती. "मला फार लागलं नाही," वहिनी म्हणाल्या. "पण तेव्हापासून मला बाहेर काढलेलं नाही."

मी चुरीभाऊंकडे पाहिलं. ते मान खाली घालून फळीला भोकं पाडत होते.

फळी खुर्चीखाली बसवली, मागे हातभर बाहेर काढून. खुर्ची कलली तर फळी टेकणार, उलटणार नाही. चुरीभाऊ आधी स्वतः बसले आणि मला खुर्ची मागे ओढायला लावली. पुन्हा पुन्हा. मग पाऊस उघडल्यावर वहिनींना बसवलं.

मी मागून धरलं. चुरीभाऊ पुढे, खुर्चीचे दोन्ही हात पकडून उलटे चालत होते.

"जरा जोरात येऊ द्या ना," वहिनी म्हणाल्या.

"नाही," चुरीभाऊ म्हणाले. त्यांनी पावलं आणखी आखडती घेतली.

उतार संपला, अंगण आलं. सुरूच्या झाडांमधून समुद्र दिसायला लागला आणि वहिनी बघतच राहिल्या. चुरीभाऊंची पाठ समुद्राकडे होती. ते काही वळले नाहीत. ते वहिनींच्या तोंडाकडे बघत होते.