दामले काकांची जहाजं

दामले काकांचा डबा परत करायला गेलात, तर ते आधी जाळीच्या दाराआडूनच झाकण काढून दाखवायला सांगतात. आत मूठभर शेंगदाणे असले तरी कुलूप निघतं. डबा रिकामा असेल तर नाही.

रिकामा डबा परत करू नये, हे आपल्याकडे प्रत्येकाची आई सांगते. काका त्याचा संबंध थेट ब्रिटिश साम्राज्याशी लावतात. बेडोकला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारे हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झाल्यापासून एकच विषय वाचताहेत: पेनांग, मलाक्का, मॉरिशस असल्या चिमुकल्या वसाहतींची आपापसातली देवघेव. "जायफळ घेऊन गेलेलं जहाज साखर घेऊन यायचं. रिकामं येणं नाही! आणि लंडनला विचारलं नाही कुणी!"

हे शेवटचं वाक्य कुठेही चालतं. टोरांटोतल्या त्यांच्या मुलानं फोनवर रक्तातल्या साखरेची आठवण करून दिली, की फोन ठेवून काका लाडू उचलतात आणि म्हणतात, "लंडनला विचारलं नाही कुणी!"

आमचा फ्लॅट म्हणजे पेनांग, त्यांचा मलाक्का. काकू गेल्या, त्यांचे स्टीलचे चार डबे मागे राहिले. तीच काकांची जहाजं. दोन-तीन कायम आमच्याकडे असत. आम्ही एक परत केला, की दुसरा आलाच. मग आमची मुलगी दारातून इथल्या धाटणीच्या इंग्रजीत ओरडायची, "बाबा, अंकलचं शिप कम ऑलरेडी लाह!"

गेल्या महिन्यात आम्ही शहराच्या दुसऱ्या भागात, आंग मो किओला राहायला गेलो. सामान बांधताना काकांचे तीन डबे निघाले. बायकोनं ते चिवडा, शंकरपाळे, चकल्यांनी भरले आणि मी मोठ्या सज्जनपणानं तिन्ही एकदम पोचते केले.

काकांनी झाकणं उघडलीच नाहीत. घरातल्या चौथ्या डब्याशेजारी तिन्ही ओळीनं मांडले आणि बघत उभे राहिले.

"सगळी जहाजं बंदरात," ते म्हणाले. "म्हणजे व्यापार संपला की हो."

मला स्वतःचीच लाज वाटली. एमआरटी मेट्रोनं काही फार लांब नाही, असं काहीतरी मी पुटपुटलो.

काकांनी तो चौथा डबा पुसला आणि माझ्या हातात कोंबला. हलका लागला, म्हणून मी झाकण काढलं. आत काहीच नव्हतं.

"काका, रिकामा?"

"असू दे," जाळी ओढून घेत ते म्हणाले. "भरून आणायला तरी याल."