फरशीवरचा आलेख

जन्नतला आलेख काही जमत नव्हता. लग्नात सुटलेली दहावी बाहेरून द्यायचं तिनं ठरवलं होतं. नवरा मन्सूर कुवेतहून सुट्टीवर आला तरी त्याला तिनं याचा पत्ता लागू दिला नव्हता. नापास झाले तर हसं नको! आज तो त्याच्या मामूंना आणायला एसटी स्टँडवर गेला आणि तिनं मुलीला गाठलं.

"सोप्पं आहे, अम्मी," उमैमा म्हणाली. "ही फरशी म्हणजे आलेखाचा कागद समज. कोपऱ्यात शून्य. आडवी भिंत एक्स, उभी भिंत वाय. वाय बरोबर दोन एक्स काढ बघू."

एवढं सांगून ती क्लासला पळाली.

पांढऱ्याशुभ्र फरशीवर खडू उठेना. मग जन्नतनं मन्सूरचा खोक्यांवर नाव घालायचा जाडा काळा मार्कर घेतला. तीन ठिपके दिले, कपडे वाळत घालायची काठी टेकवली आणि कोपऱ्यातून थेट ओट्यापर्यंत रेघ ओढली. अगदी सरळ! जन्मात पहिल्यांदा गणितानं तिचं ऐकलं होतं. बराच वेळ ती बघत राहिली. मग फडकं ओलं केलं.

रेघ साबणानं गेली नाही, लिंबानं गेली नाही. रॉकेलनं नुसता वास घरभर पसरला. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. तिनं घाईघाईनं चटई अंथरली.

"वास कसला गो?" मन्सूरनं विचारलं.

"झुरळं झालीत."

"नव्या फरशीवर झुरळं? मामू, बघा तरी, कसला माल घातलाय!" फरशी दाखवायलाच तर त्यानं मामूंना जयगडहून बोलावलं होतं. त्यानं चटई खेचली.

"या अल्ला!" मामू म्हणाले.

"कोणी केलं हे?" मन्सूरचा आवाज चढला.

"मी. दहावीला बसतेय. आलेख आहे तो."

मन्सूर रेघेकडे बघत राहिला. तो स्वतः बीजगणिताला भिऊन आठवीतच शाळेतून पळाला होता.

"एवढी सरळ? तू काढलीस?"

"काठी धरून."

"थिनर आण, जाईल," मामू पुढे सरसावले.

"मामू, पाय देऊ नका तिच्यावर!" मन्सूर ओरडला. खिडकीतून त्यानं शेजारच्या मथुराकाकींनाही हाक मारली. "जन्नत, सांग सगळ्यांना नीट समजावून."

जन्नतनं ओढणी सावरली. "हे बघा, आडवी एक फरशी गेलं की उभ्या दोन..." तिनं पाऊल टाकलं आणि थबकली. ठिपका आडव्या दोन, उभ्या एकवर होता. पुढचा आडव्या चार, उभ्या दोनवर.

"अहो, थिनर आणा!"

"का?"

"आडव्याचं उभं केलंय मी. रेघ चुकलीय!"

"सरळ तर आहे!"

"सरळच आहे, पण चुकलीय!"

मन्सूर मामूंकडे वळला. छाती आणखी फुगली होती. "बघितलंत? चूक पण हिनंच पकडली. आपल्यातल्या कुणाला कळली असती?"

त्यानं टोपण काढून मार्कर तिच्या हातात दिला. "ही राहू दे. बरोबरची शेजारी काढ. मामू, धरा ती काठी."