तायडेकाकांचं भिंग

आमच्या अकोल्याच्या गल्लीत कोणी खोकलं की तायडेकाका भिंग घेऊन हजर. भिंग खोकणाऱ्यासाठी नाही, औषधाच्या खोक्यातल्या घडीच्या कागदासाठी. हा माणूस भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झाला. आयुष्यभर नकाशातले बांध बघितले, आता गोळ्यांचे दुष्परिणाम बघतो. मेडिकलवाला पट्टी कापून देतो, कागद देत नाही. तो कागद काका काउंटरवर ठिय्या मारून मिळवतात.

मग वाचन. तेही इतक्या मोठ्यानं की समोरच्या पिठाच्या गिरणीतही कळावं, कोणाला जुलाब होणार आहेत. काकूंना अजिबात ऐकू येत नाही. या नवऱ्यापुढं ती सोयच आहे, असं मी शाळेत सांगून हशा मिळवत असे.

माझा खोकला सव्वा महिना हटेना. मी मास्तर, घशावर पोट. डॉक्टरांनी एक्स-रे काढून सात दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्या. दुसऱ्याच दिवशी काका दारात.

"कागद वाचला काय, सर?"

हे त्यांचं पालुपद. मी वाचला नव्हता, म्हणून त्यांनी वाचला. मळमळ, जुलाब, पुरळ, आणि 'क्वचित' म्हणून आणखी बरंच काही. 'क्वचित' म्हणताना ते माझ्याकडेच बघत. मला तिथंच मळमळायला लागलं. शिकलासवरलेला मी, पण तिसऱ्या दिवशी गुपचूप गोळ्या बंद केल्या. आठवडाभरात ताप चढला, आवाज पार बसला. डॉक्टरांनी माझी बिनपाण्यानं केली.

त्याचं उट्टं काढायला मी काकांच्या घरी गेलो. काकू मेथी निवडत होत्या. बसलेल्या आवाजात मी जमेल तेवढं सुनावलं: तुमच्यामुळं मी गोळ्या सोडल्या, तुमच्यामुळं माझे वर्ग बुडाले.

काकांचा चेहरा उतरला. "सोडल्या? कोणाले इचारून? मी सोडा म्हणलं काय कधी? मी म्हणलं, वाचा. काई झालं तं डॉक्टरले सांगा."

मग ते खाली बसले. पहिल्यांदाच हळू बोलले.

"हिवरखेडले होतो तवा हिले असाच खोकला होता. इंजेक्शनं चालू होती. कान वाजून राह्यले म्हणे. मी म्हणलं, सहन कर, कोर्स सोडू नको. डॉक्टरले सांगतलंच नाही. कागदावर लिवलं होतं, सर. खोक्यातच होता कागद."

शाळेतला तो हशा मला आठवला आणि माझी मलाच लाज वाटली. डॉक्टरांनी दिलेल्या नव्या गोळ्या खिशात होत्या, कागदासकट. मी तो काकांच्या हातात दिला.

त्यांनी भिंग लावलं आणि नेहमीसारखं गल्ली दणाणेल असं वाचायला लागले. दर ओळ संपली की काकूंकडे बघत होते. काकू मेथी निवडत होत्या.