खडकवस्तीचा समुद्र

मंगळवारी सकाळी साडेअकरा वाजता खडकवस्ती नगरपरिषदेच्या हद्दीत समुद्र कार्यान्वित झाला.

चूक सुवर्णा कोळेकरची होती, आणि असली चूक कचेरीतच होऊ शकते. नगरपरिषदेचे सर्व्हर उभारायचं काम क्लाउडवरच्या एका आयत्या सेवेकडे दिलं होतं. काय काय हवं ते फाइलमध्ये लिहायचं आणि ‘मंजूर’ दाबायचं. सेवा ते आपोआप उभं करते, पुढेही तसंच राखते. सुवर्णाने कोकणातल्या एका नगरपरिषदेची फाइल नमुना म्हणून मागवली, गावाचं नाव बदललं आणि बाकीचं न वाचता पाठवून दिली. तिसऱ्या पानावर ‘पश्चिमेस : समुद्र’ ही ओळ तशीच राहिली.

पश्चिमेस आजवर नुसता माळ होता. पाणीपुरवठा विभागाने दोन पंप लावून दिवसभर उपसा केला. संध्याकाळी सेवेने समुद्र पूर्ववत केला आणि तसं रीतसर कळवलं.

“कोळेकर, शुक्रवारी तपासणी आहे,” मुख्याधिकारी कुंटे म्हणाले. “त्याआधी तो समुद्र काढून टाका. नाहीतर तुमची नोकरी माझ्या हातात राहणार नाही.”

गुरुवारी सकाळी सुवर्णाने फाइल उघडून ती ओळ खोडली. काहीही काढण्याआधी, त्यावर काय काय अवलंबून आहे याची यादी सेवा दाखवते. कुल्फीच्या गाड्या, सात. खेकडे, अगणित. आणि शेवटी : बिरा धोंडी कोळेकर, वय एकाहत्तर.

बिरा म्हणजे तिचे वडील, आण्णा. आई गेल्यापासून चार वर्षं माणूस उंबऱ्याबाहेर पडला नव्हता. काही विचारलं तर ‘हूं’. बुधवारी मात्र ते समुद्र बघून आले आणि जेवताना तासभर लाटांबद्दल बोलले. सुवर्णाने आनंदाच्या भरात त्यांच्या ताटात न विचारता आणखी एक भाकरी वाढली होती.

तिने ओळ परत लिहिली आणि थेट साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

“काढते, साहेब. फक्त का काढला, याचं कारण आपल्या सहीने द्यावं लागेल.”

“आणि नाही काढला तर?”

“मग काहीच लिहावं लागत नाही.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “मग कशाला उगाच नसती भानगड?” ते म्हणाले.

शुक्रवारी तपासणी अधिकारी आले. फाइलमध्ये समुद्र होता, जागेवरही समुद्र होता. त्यांनी पायाचा अंगठा बुडवून खात्री केली आणि ‘समाधानकारक’ असा शेरा मारला.

त्या संध्याकाळी आण्णा मात्र कुरकुरत घरी आले.

“एवढा मोटा समुद्र आन् त्यात एक होडी न्हाई? बरं दिसतंय का ते?”

सोमवारी कचेरी उघडल्या उघडल्या सुवर्णाने फाइल काढली आणि समुद्राखाली एक ओळ वाढवली : होडी, एक. माणसं, दोन : बिरा धोंडी कोळेकर आणि मुलगी.